मुसापेलो देणारी मापोलोको

मोहापीला मारलं तेव्हा त्याची बायको मापोलोको वर डोंगराच्या उतारावर मुसापेलोची झुडपं कापत होती. तिथून तिला सगळं दिसलं. सहा घोडेस्वार आले ते दिवसाढवळ्या, उन्हं नुकती खोऱ्यात उतरत असताना. त्यांनी दगडी गोठ्याचं तोंड उघडलं आणि गुरं बाहेर हाकलायला सुरुवात केली. मोहापी काठी घेऊन आडवा उभा राहिला. पहिल्या स्वाराला त्याने अशी काठी हाणली की तो घोड्यावरून घरंगळला आणि पुन्हा उठला नाही. मग दुसऱ्याने घोंगडीखालून बंदूक काढली. गोळी पोटात बसली. मोहापी गुडघ्यांवर आला तरी काठी सोडेना, तेव्हा दोघे खाली उतरले आणि लोखंडी बोंडाच्या काठ्यांनी त्याचं डोकं फोडलं. आवाज वर पोचायला वेळ लागत होता, असं मापोलोको मला नंतर म्हणाली. काठी खाली आलेली दिसायची, आणि मग ठोका ऐकू यायचा.

खाली पोचायला तिला तास लागला. मला दवाखान्यातून बोलावलं, मी धावत गेले, तेव्हा ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाठीवर झुडपांचा भारा तसाच होता. लाल फुलं तिच्या खांद्यावरून मोहापीच्या छातीवर गळत होती. तिच्या बोटांत कवटीचा एक तुकडा होता आणि ती तो जागेवर बसवायला बघत होती.

"नर्स, हे बसत नाहीये," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला.

या खोऱ्यातल्या दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली. मापोलोकोला मी पहिल्या वर्षापासून ओळखते, आणि आमची ओळख भांडणातून झाली. ती काही वैदू नव्हती. गळ्यात मणी नाहीत, हाडं फेकून भविष्य सांगणं नाही, पूर्वजांशी बोलणं नाही. सासूकडून ती एक झुडूप शिकली होती, तेवढंच. पोट बिघडलं, ताप रेंगाळला, भूक मेली, जुनी जखम धुवायची आहे, तर बायका तिच्याकडे जायच्या. पण खरे गिऱ्हाईक म्हणजे दुःखी माणसं. आमच्या भाषेत पेलो म्हणजे काळीज. ते जागचं हललेलं असेल तर माघारी आणतं, म्हणून मुसापेलो. ज्याचं माणूस मेलं त्याला ती कडूजहर काढा द्यायची. जो माणूस मारून आला त्यालाही द्यायची. आमच्याकडे ती जुनी रीत आहे: रक्त सांडून आलेल्याने हात धुवायचे, काढा प्यायचा, आणि मगच घरात पाऊल टाकायचं.

तिचे नियम मात्र कडक होते. पाला आणि कोवळी काडी घ्यायची, मुळाला हात लावायचा नाही. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच, एका मगाला. जेवल्यावर प्यायचं. पाच दिवस घेतलं की दोन दिवस सोडायचं. पोटुशी बाईला नाही, अंगावर पाजणारीला नाही, आणि उभं राहवत नाही इतक्या खंगलेल्या माणसालाही नाही.

आमचं भांडण झालं ते एका साखरेच्या आजारी बाईवरून. ती माझ्या दारातच कोसळली. शुद्धीवर आल्यावर कळलं, ती माझ्या गोळ्याही घेत होती आणि मापोलोकोचा काढाही. मी तडक तिच्या घरी गेले.

"म्मे," मी म्हटलं, वडीलधाऱ्या बाईला आम्ही असंच म्हणतो, "तुमच्या पाल्याने साखर उतरते. माझ्या गोळीनेही उतरते. दोन्ही मिळून ती बाई आज मरत होती."

"मग तुझी गोळी बंद कर."

"तुम्ही पाला बंद करा."

"माझा पाला तुझ्या गोळीच्या आधीपासून इथे आहे, पोरी. तुला तर इथे येऊन अजून वर्षही झालं नाही."

"आणि ती मेली असती तर तिच्या लेकरांना हेच सांगणार होतात?"

तिने चुलीत एक गोवरी सारली. मग म्हणाली, "बस. तुझ्याकडे कुठल्या कुठल्या गोळ्या आहेत ते सांग."

मी सांगितलं. साखरेच्या, क्षयाच्या, एचआयव्हीच्या. क्षयाच्या नि एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर हा पाला घेतला तर काय होतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पक्कं कुणालाच माहीत नाही, गोळीचा जोर कमी होत असावा अशी शंका आहे, म्हणून देऊ नका. हे उत्तर तिला आवडलं. "माहीत नाही म्हणणारी नर्स आज पहिल्यांदा पाहिली," ती म्हणाली. तेव्हापासून काढा मागायला आलेल्या प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न असायचा: नर्सकडच्या गोळ्या चालू आहेत का? खोटं बोललेलं तिला कळायचं.

मोहापीला पुरल्यावर आठव्या दिवशी आमच्या खोऱ्यातले पुरुष घोड्यांवर बसले. पुढारी होता सेकोआती. खाणीतून परत आलेला, पंचेचाळिशीचा, उंचापुरा, दोन बंदुका बाळगणारा. आमची गुरं गेली की सोडवायला तोच जायचा आणि आणलेल्यांतली अर्धी स्वतःकडे ठेवायचा. मापोलोकोचा एकुलता एक मुलगा पोलोको त्याच्याबरोबर गेला. चोवीस वर्षांचा होता. खाणीत नोकरी गेली म्हणून वर्षभरापूर्वी परतला होता, लग्न करून. त्याच्या बायकोचं नाव खाउहेलो.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पलीकडच्या खोऱ्यात त्यांनी चार घरं जाळली होती आणि तीन माणसं मारली होती. गुरं काही मिळाली नव्हती. पोलोको घोड्यावरून उतरला आणि घरासमोर उभाच राहिला. मापोलोकोने पाण्याची बादली आणली. ज्या ओट्यावर बसून मी पूर्वी मोहापीच्या एका जुन्या जखमेला पट्टी बांधायचे, त्याच ओट्यावर आता मी तिच्याशेजारी बसले होते.

"हात पुढे कर," ती म्हणाली.

तिने त्याची मनगटं धरली. नखांत रक्त सुकलं होतं. ती एकेक नख घासत होती.

"बाबांचा सूड झाला," तो म्हणाला.

"कोण होता?"

तो बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिला.

"ज्याने बाबांना मारलं तो होता का?"

"म्हातारा होता. दारापुढच्या बोरूच्या आडोशामागे लपला होता. मला वाटलं हातात बंदूक आहे." त्याने हात मागे ओढायला पाहिलं, तिने सोडले नाहीत. "चिलीम होती, आई."

तिने ते पाणी उकिरड्यावर ओतलं, दुसरं घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागली. मग मक्याच्या घट्ट लापशीचे दोन घास बळेच भरवले आणि काढा दिला. पाच दिवस तो ओट्यावर बसून होता. सहाव्या दिवशी जेवला. सातव्या दिवशी खाउहेलोच्या कुठल्याशा बोलण्यावर हसला, आणि मापोलोको मला म्हणाली, "येतंय माघारी."

पण सेकोआतीला ते नको होतं. त्याला माणसं पुन्हा हल्ल्याला न्यायची होती, आणि माणसं कच खात होती. महिन्याभराने तो मापोलोकोकडे आला. बरोबर पाचसहा जण होते. त्यांच्यात पोलोकोही होता, सेकोआतीच्या घोड्याचा लगाम धरून.

"म्मे मापोलोको, एक पिंपभर काढा कर. निघायच्या आधी सगळे पिणार."

"हा निघायच्या आधीचा नाही. आल्यानंतरचा आहे."

"माझ्या माणसांना मी सांगितलंय, हे प्यायलं की गोळी वळते."

"काळीज वळतं, न्ताते. गोळी वळत नाही." पुरुषाला मान देऊन बोलायचा शब्द तिने सोडला नव्हता. "आणि खरं वळलं ना, तर ही पोरं अर्ध्या वाटेतून घरी येतील. तुलाच पंचाईत."

मागे कुणीतरी हसलं. ते हसणं तिला महागात पडलं. सेकोआतीने तिचा उजवा हात धरला, दारातल्या जात्याच्या दगडावर दाबला आणि काठीच्या बोंडाने दोनदा मारलं. तीन बोटं चिरडली.

"आता दुसऱ्या हाताने करशील का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने पुन्हा काठी उचलली, पण तेवढ्यात खाउहेलो सासूच्या अंगावर आडवी पडली. सेकोआती थुंकला आणि गेला.

पोलोकोनेच आईला घोड्यावर बसवून दवाखान्यात आणलं. एक बोट मला कापावंच लागलं. सुई टोचत होते तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"मी काय करणार होतो?" तो म्हणाला. "त्याच्याकडे बंदूक होती."

मापोलोकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. "इकडे ये. माझं कोपर धर," ती म्हणाली. "नर्सला नीट काम करू दे."

त्याने कोपर धरलं. तिने ओठ दातांखाली घेतला होता, त्यातून रक्त येत होतं. मला वाटलं आता हा त्या माणसाबरोबर जाणार नाही. पण तो गेला. गेला नसता तर सेकोआतीने त्याचंही घर जाळलं असतं, हेही खरं.

काढा सेकोआतीने स्वतःच केला. डोंगरावरून पोती भरून झुडपं आणवली, मुळांसकट उपटून. पाला, शेंगा, मुळं, माती, सगळं एका पिंपात कोंबलं आणि शिजवून काळं केलं. चौदा जण पहाटे रिकाम्या पोटी निघाले. त्याने प्रत्येकाला दोन-दोन मग पाजले. एवढं कडू आहे म्हणजे एवढंच जोरदार असणार, असं सगळ्यांना वाटलं.

खिंडीत चढतानाच पोटं ढवळायला लागली. एकाला घेरी आली, तो घोड्यावरून पडला. बाकीचे दगडांआड बसायला उतरायला लागले, एकामागून एक. पलीकडची माणसं वर कड्यावर दबा धरून होती. त्यांना नेम धरायचीही गरज पडली नाही. जे वाचले त्यांनी मला सांगितलं, पोलोकोला पहिली गोळी लागली तेव्हा त्याची विजार घोट्यांवर होती. तो तसाच सरपटत घोड्याकडे निघाला. दुसरी मानेत बसली. पाच जण मेले. एकाचं तोंड त्यांनी खाली येऊन दगडाने ठेचलं, तो कोण ते त्याच्या बुटांवरून ओळखावं लागलं. सेकोआती निसटला. त्याने स्वतः काढा प्यायलाच नव्हता.

शनिवारी पाचही जणांना एकदम पुरायचं ठरलं. शुक्रवारपर्यंत गावभर झालं होतं की म्हातारीने विष घातलं. बोटं मोडल्याचा राग धरून तिने झुडपांवर काहीतरी करून ठेवलं होतं, असं सेकोआती घरोघर सांगत होता. लोक ऐकून घेत होते. पाच घरांत प्रेतं पडली होती आणि त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं.

शनिवारी सकाळी, अंगणात माणसं जमत असताना, खाउहेलो रिवाजाप्रमाणे घरात जमिनीवरच्या गादीवर बसली होती. डोकं भादरलेलं, खांद्यांवर काळं कापड. तीन दिवस ती रडली नव्हती, जेवली नव्हती. नुसती स्वतःच्या दंडाला नखं लावून बसायची, तिथून रक्त यायचं. घर बायकांनी भरलं होतं. मीही होते. एका शेजारणीने, चांगल्या मनाने, मापोलोकोच्याच फडताळातला सुकवलेला पाला घेऊन काढा केला आणि भरलेला मग खाउहेलोच्या तोंडाशी नेला.

"घे गं बाई. काळीज जागेवर येईल."

मापोलोको दारातून आत येत होती. तिने पट्ट्या बांधलेला हात तसाच झोकला. शेजारणीच्या हातातला मग उडाला, काढा भिंतीवर गेला. पट्टीतून रक्त यायला लागलं.

"हिला नाही द्यायचा," ती म्हणाली.

त्या शेजारणीने विचारलं, "का? आम्हाला देतेस. आमच्या पोरांनी पिलेला चालतो."

मापोलोकोने वाकून पडलेला मग उचलला.

"सुनेला नाही चालत? का गं म्मे?"

मला कारण माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी खाउहेलो दवाखान्यात आली होती, तिचं कार्ड मीच भरलं होतं. चौथा महिना. सासूला तिने सांगितलं नव्हतं, पण सासूला ती भांडं कशी उचलते यावरून कळलं होतं. पोटातल्या लेकराची गोष्ट आमच्याकडे बोलत नाहीत, आणि प्रेत अंगणात असताना तर मुळीच नाही. मापोलोको बोलणार नव्हती. मी बोलू शकले असते. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम मला आठवला, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांची तोंडं पाहून माझी जीभही उचलली नाही.

"विष आहे म्हणूनच," एक जण बाहेर जाऊन ओरडली. "स्वतःच्या सुनेच्या तोंडाशी आलेला मग उडवला."

अंगण पेटायला एवढं पुरलं. पुरुषांनी मापोलोकोला दंडाला धरून बाहेर ओढलं. पहिला दगड पाठीत बसला, दुसरा गुडघ्यावर. ती खाली बसली आणि तिने डोकं हातांत घेतलं. कुणीतरी चुलीतलं जळतं लाकूड छपरावर फेकलं, सुकं गवत फरफर पेटलं. आत बसलेल्या बायका एकमेकींना तुडवत बाहेर पळाल्या. मी खाउहेलोला ओढून काढलं. सेकोआती मागे उभा होता, दगड मारत नव्हता, नुसता बघत होता. एक दगड मापोलोकोच्या डाव्या डोळ्यावर आला. तो आवाज मी ओळखला. डोळा गेला हे मला तिथेच कळलं.

खाउहेलो माझ्या हातातून सुटली. ती गर्दीतून चालत गेली, धावली नाही. सासूपुढे उभी राहिली आणि तिने खांद्यावरचं काळं कापड बाजूला केलं, घोंगडीची पिन काढली, आणि लुगडं पोटावर ताणून धरलं.

"हे आहे म्हणून," ती म्हणाली. "पोलोकोचं आहे. आता मारा कुठे मारायचं ते."

दगड थांबले. छप्पर जळत होतं.

"पोटुशीला चालत नाही हा पाला," ती म्हणाली. "तुमच्यातल्या प्रत्येकीला माझ्या या सासूने हे सांगितलं असेल. पोरांना ज्याने पाजला त्याच्या घरचं पिंप बघा. डोंगरावर खड्डे बघा. पोलोकोने मला निघताना सांगितलं, मुळांसकट उकळलाय, दोन-दोन मग, रिकाम्या पोटी. आणि देणाऱ्याने घेतला नाही."

मेलेल्यांपैकी एकाची आई, पोरोबे तिचं नाव, थकलेली बाई, काठी टेकत सेकोआतीकडे गेली. "तू नाही प्यायलास?" तिने विचारलं.

"मी म्होरक्या. माझं डोकं शाबूत पाहिजे."

"माझ्या पोराचं नको होतं?"

त्याने तिला ढकललं. ती पडली. त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. ज्यांच्या हातात दगड तसेच राहिले होते ते वळले. सेकोआतीने बंदूक काढली, एक बार उडाला, एका माणसाच्या मांडीत गेला. मग त्याच्या अंगावर दहा-बारा जण होते. मी मांडीच्या जखमेवर दाब देऊन बसले होते, त्यामुळे मला सगळं दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. मापोलोको एका डोळ्यावर हात दाबून उठली आणि त्यांच्यात शिरायला बघत होती. "पुरे करा," ती म्हणत होती, "ह्याच्यानंतर मी कुणाकुणाचे हात धुऊ." तिला कुणी ऐकलं नाही. सेकोआती कबर खोदलेल्या जागेपर्यंतही जिवंत पोचला नाही.

त्या दिवशी सहा जणांना पुरलं. संध्याकाळी पुरुष एकेक करून तिच्या जळक्या घरासमोर आले आणि नुसते उभे राहिले, हात लांब धरून, जणू ते दुसऱ्याचे असावेत. मी तिच्या डोळ्याला पट्टी बांधत होते.

"पाला जळाला," ती त्यांना म्हणाली. "पाणी आहे. धुवा आणि जा."

पुढच्या महिन्यात सैन्याची चौकी खिंडीत बसली, दोन्ही खोऱ्यांचे प्रमुख भेटले, थोडी गुरं परत आली. सेकोआतीच्या खुनाबद्दल पोलीस विचारत आले, तेव्हा कुणीच काही पाहिलं नव्हतं. मीही नाही. खाउहेलोला मुलगी झाली, माझ्याच हातांवर, तीन किलोला थोडी कमी. बाळंतपण सोपं नव्हतं. ते दुःखाचे सगळे महिने तिने काढ्याशिवाय काढले. मापोलोको तिच्याशेजारी झोपायची, तिची नखं दंडात रुतायला लागली की आपला चांगला हात पुढे करायची. त्या हातावर अजून वण आहेत.

डोंगरावर मुळं उपटल्यामुळे त्या उतारावर दोन वर्षं झुडूप उगवलं नाही. मापोलोकोने बिया गोळा करून पुन्हा पेरलं. सुरीने कापायचं काम आता खाउहेलो करते, कारण सासूला एका डोळ्याने कड्यावरचं अंतर कळत नाही. गेल्या वर्षी शहरातून एक जण आला होता, पाला पोत्याने पाहिजे म्हणून. पुडीवर पोटुशीला देऊ नये असं लिहिणार का, मापोलोकोने विचारलं. तो म्हणाला, असं लिहिलं तर लोक घाबरतात. तिने त्याला चहा पाजला आणि परतीची वाट दाखवली.

मी मात्र एक गोष्ट मनात ठेवून होते. एका रविवारी तिच्याकडे बसले असताना म्हटलं, "म्मे, त्या दिवशी मला माहीत होतं. मी बोलले असते तर तुमचा डोळा राहिला असता."

ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. सोलत राहिली.

"राहिला असता," ती म्हणाली.

मग तिने सोललेल्या दाण्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, क्षयाची ती नवी गोळी आलीय म्हणतात, तिच्याबरोबर पाला चालतो का ते काही कळलं का. मी म्हटलं, अजून नाही.

"मग देत नाही," ती म्हणाली.